नागद्वार केलेली माणसं संदकफूला

प्रकरण थोडक्यात असं. वरुड तालुक्यातल्या एका गावातले अकरा जण एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात भारत-नेपाळ सीमेवरच्या सिंगालीला रांगेत पायी फिरायला गेले. सोबत तिकडचा एक गाइड होता. चालण्याच्या दुसऱ्याच दिवशी मुक्काम पडला संदकफूला, ३,६३६ मीटरवर. त्या रात्री गटातल्या सर्वात ज्येष्ठ माणसाला उंचीचा त्रास इतका चढला की मध्यरात्रीनंतर गाडी काढून त्यांना हजार मीटर खाली आणावं लागलं. माणूस वाचला, आज संत्र्याच्या बागेत पाणी सोडतो आहे. संदकफूच्या पुढचा ठरलेला मुक्काम होता फालुट, तिथपर्यंत मात्र कोणीच पोहोचलं नाही.

मी त्या सहलीत नव्हतो. सातपुड्याच्या आमच्या अंगाला पोरांना डोंगर फिरवण्याचं काम मी करतो. म्हणून परत आल्यावर मंडळानेच म्हटलं, काय झालं ते एकदा नीट लिहून द्या. गटातल्या बहुतेकांशी वेगवेगळं बसून बोललो, गाइडशी फोनवर बोललो. ज्यांना त्रास झाला त्या काकाजींनी मजकूर वाचून घेतला आणि नाव-गाव न देण्याच्या अटीवर होकार दिला.

माणसं

हे मूळचं नागद्वारच्या यात्रेला जाणारं मंडळ. पचमढीच्या जंगलातली नागद्वारची वाट एरवी बंद असते, कारण ती व्याघ्र प्रकल्पातून जाते. नागपंचमीच्या सुमारास काही दिवस ती उघडते आणि विदर्भातून माणसांची रीघ लागते. त्यात हे दरवर्षी असतातच. सातपुडा ओलांडायचा, भर पावसात निसरड्या वाटेने डोंगर चढायचे-उतरायचे, मंडळांच्या पंगतीत बसून जेवायचं, गुहेत दर्शन घेऊन परतायचं. काकाजी या मंडळाचे अध्यक्ष. वय बासष्ट, एकेकाळचे सरपंच, बीपीची गोळी चालू, पण चालायला तरण्या पोरांना मागे टाकणारे. जाण्याआधी डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनीही हरकत घेतली नव्हती.

बाकी मंडळींत काकू, एक शिक्षक जोडपं, कृषी केंद्रवाले भाऊ, गावच्या आशाताई आणि तिशी-चाळिशीतले बागायतदार. मृग बहाराचा संत्रा विकून झाला होता, खरिपाला अवकाश होता, शाळेच्या परीक्षा उरकत आल्या होत्या. म्हणून एप्रिल. घरी पारा बेचाळीसच्या वर आणि तिकडे रात्री शून्याच्या आसपास, एवढा फरक आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वेटर, कानटोप्या, हातमोजे सगळं घेतलं होतं. रविवारी चिखलदऱ्याला जाऊन पाठीवर वजन घेऊन चालण्याचा सरावही केला होता.

सराव चांगलाच, पण तो पायांचा. विदर्भातला कुठलाही डोंगर उंचीची सवय लावू शकत नाही, कारण तेवढी उंचीच आपल्याकडे नाही. चिखलदऱ्याजवळचं वैराट हे मेळघाटातलं सर्वात उंच ठिकाण १,२०० मीटरच्या आत आहे. सातपुड्याचं सर्वोच्च शिखर धूपगड १,३५२ मीटर. संदकफूची वाट जिथून सुरू होते ते मानेभंज्यांगच दोन हजारांच्या आसपास आहे. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर दिसू लागतो, आणि तो कोणाला होईल हे दमावरून ओळखता येत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला होतो, त्याच्या विडी ओढणाऱ्या मामाला होत नाही. तिथल्या हवेतही ऑक्सिजन एकवीस टक्केच असतो. पण साडेतीन हजार मीटरच्या वर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश राहतो, म्हणून दर श्वासामागे शरीराला मिळतं कमी. शरीर हळूहळू जुळवून घेतं. त्याला दिवस द्यावे लागतात, जोर लावून ते होत नाही.

मंडळाला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या सूचनांत ते होतं. पण 'आपण नागद्वारची माणसं' हा भरवसा त्या सूचनांपेक्षा जुना होता.

वाट आणि सीमा

सिंगालीला ही दार्जिलिंग जिल्ह्याच्या पश्चिम कडेची रांग. माथ्यावरून सीमा जाते आणि तिच्याच अंगाने वाट जाते, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. भारताकडचा भाग १९९२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, ते बंद असतं. उद्यानात स्थानिक गाइडशिवाय पायी जाता येत नाही. मानेभंज्यांगला सशस्त्र सीमा बलाच्या चौकीवर नोंद होते. १९५० च्या मैत्री करारामुळे भारतीयांना नेपाळात व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार कार्ड धरलं जातं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांचं आधार नेपाळसाठी धरलं जात नाही. त्यांच्यातल्या दोघांनी फक्त आधार नेलं होतं. गाइडने चौकीवर बोलून निभावून नेलं, पण तो त्याचा भिडस्त स्वभाव. त्यावर कोणी विसंबू नये.

टुमलिंग नेपाळात आहे. तिथे पोहोचलं की फोन नेपाळचा टॉवर पकडतो आणि घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं. सकाळी सहाला निघायचं ठरलं तर निम्मे लोक अंगणात उभे आणि निम्मे अजून दात घासताहेत, कारण दोघांचे सहा वेगळे. हे ऐकून मी हसलो होतो. पुढे रात्रीच्या घटनांच्या वेळा जुळवायला बसलो तेव्हा दोन शहाणी माणसं एकाच गोष्टीची वेळ ठामपणे वेगळी सांगू लागली. मग लक्षात आलं, एकाच्या फोनवर नेपाळ आणि दुसऱ्याच्या हातात मनगटी घड्याळ. इथून पुढच्या सगळ्या वेळा भारतीय धरल्या आहेत.

मानेभंज्यांग ते संदकफू अंतर बत्तीस किलोमीटरच्या आसपास. पूर्ण रस्ता गाडीचा आहे. जुन्या लँड रोव्हर तिथे वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत, आता बोलेरोही दिसतात. रस्ता असणं ही मोठी सोय, आणि तिच्यामुळेच लोक ही वाट हलकी समजतात. पुढे फालुट आणखी एकवीस किलोमीटर. तिकडेही गाडीची वाट आहे, पण खडबडीत, आणि रात्री-अपरात्री तिथे गाडी मिळेल याचा भरवसा नाही.

दुमडलेला दिवस

मूळ आराखडा असा होता: पहिली रात्र मानेभंज्यांग, दुसरी टुमलिंग, २,९७० मीटर. तिसरी कालीपोखरी, एकतीसशेच्या आसपास. चौथी संदकफू, पाचवी फालुट, मग गोरखेकडे उतरून श्रीखोलाला बाहेर. गाइडनेच तो सुचवला होता. त्याचं सूत्र चांगलं होतं, कारण तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या.

हावड्यापर्यंतचीच गाडी उशिरा पोहोचली, पुढची हुकली. न्यू जलपाईगुडीला उतरले तेव्हा एक दिवस गेलेला होता. परतीचं आरक्षण पक्कं होतं, अकरा जणांचं, आणि सुट्टीच्या दिवसांत ते पुढे सरकवणं शक्य नव्हतं. म्हणून कुठला तरी एक दिवस गाळायचा होता. मिरिककडून वर चढणाऱ्या जीपमध्येच चर्चा झाली. फालुट गाळा असं गाइड फोनवर म्हणाला. मंडळ म्हणालं, एवढं लांब यायचं आणि अर्धंच पाहायचं? मग कालीपोखरीचा मुक्काम गाळला. टुमलिंगहून थेट संदकफू, एका दिवसात एकोणीस-वीस किलोमीटर. 'नागद्वारले याच्याहून जास्त चालतो' हे वाक्य तिथेच, जीपमध्ये, पहिल्यांदा बोललं गेलं. चालण्याच्या हिशेबाने ते खोटंही नव्हतं. झोपण्याच्या उंचीचा हिशेब मात्र २,९७० वरून एकदम ३,६३६ वर गेला.

टुमलिंगचा पहिला दिवस छान गेला. चित्रे गावापासून वर लाल-गुलाबी गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं) फुललेले, मेघमा गावाशी नावाप्रमाणे ढग, संध्याकाळी चुलीभोवती गप्पा. गावाहून नेलेली तुरीची डाळ शिजेना. तिथे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात दीड तास झाला तरी दाणा कडकच. शेवटी लॉजवालीने कुकर काढून दिला. काकू म्हणाल्या, आमच्या डाळीला काय झालं तेच माणसाला होत असेल. हे वाक्य सगळ्यांना आठवतं, कारण काकाजींनी त्यावर त्यांना गप्प केलं होतं.

त्या रात्री काकाजी झोपले नाहीत. हे फक्त काकूंना माहीत होतं.

कालीपोखरीचा पाऊण तास

दुसऱ्या दिवशी वाट आधी गैरीबासला उतरते, म्हणजे २,६०० च्या आसपास, आणि तिथून परत चढते. दुपारी एकच्या सुमारास गट कालीपोखरीला पोहोचला. तळ्याकाठी प्रार्थनेच्या झेंड्यांच्या माळा, एक-दोन लॉज, नूडल्सचा वास. काकाजी पहिल्यांदाच सर्वात शेवटी आले. जेवले नाहीत, नुसता चहा घेतला.

मला विचाराल तर या प्रकरणाचा सगळा जीव इथल्या पाऊण तासात आहे. रात्री जे झालं ते त्याचं व्याज.

काकू आशाताईंच्या कानाला लागल्या की यांना रात्रीपासून डोकं दुखतंय. आशाताई गावात घरोघरी फिरणाऱ्या, काम चोख. २०२० च्या 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहिमेपासून त्यांच्या पिशवीत ऑक्सिमीटर असतोच. त्यांनी तो काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"काकाजी, डोकं दुखते काय तुमचं?"

"मले काई नाई होत. दोन दिसाचा खर्रा नाई, म्हणून डोकसं जड हाय. तू पोराइले पाह्य."

सगळे हसले. खर्ऱ्याची गोष्ट खरी होती. न्यू जलपाईगुडीलाच पुड्या संपल्या होत्या, आणि तिकडे सुपारी-तंबाखू मिळते पण आपल्यासारखा घोटलेला खर्रा नाही. रोज पाच-सात पुड्या खाणाऱ्या माणसाला दोन दिवस खर्रा न मिळाल्याने डोकं दुखणं अगदी शक्य आहे. म्हणजे कारण पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच घातक. डोंगरातला नियम उलटा धरावा लागतो. उंचीवर डोकं दुखलं, भूक मेली, झोप उडाली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. गाइडला हा नियम पाठ होता. पण खर्रा म्हणजे काय हे त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, हे काही औषध असावं, नेहमीची गोळी संपली असावी. विचारायचं त्याला सुचलं नाही आणि हसणाऱ्या मंडळींना समजावून सांगायचं सुचलं नाही.

ऑक्सिमीटर लावला तर काकाजींचा आकडा ८१. आशाताई घाबरल्या. करोनात चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की दवाखाना, हे त्यांनी शेकडो घरांत सांगितलेलं. मग इतरांनी कौतुकाने बोटं पुढे केली. कोणाचा ८८, कोणाचा ९०, एका तगड्या पोराचा ८५. "सगळ्याइचंच कमी येते, मशीन बिघडली," असं कृषी केंद्रवाल्या भाऊंनी ठरवलं आणि ऑक्सिमीटर पिशवीत गेला. मशीन बिघडली नव्हती. तीन हजार मीटरच्या वर निरोगी माणसाचाही आकडा नव्वदच्या खाली येऊ शकतो. म्हणून तिथे चौऱ्याण्णवची रेघ उपयोगाची नाही. आपल्याच गटातल्या इतरांपेक्षा कोण किती खाली आहे, आणि त्याला काय होतंय, हे बघायचं. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा रंग असेल तर आकडा फसवतो, हेही खरं. पण इथे अकरांत एक जण स्पष्ट वेगळा होता.

गाइड हिंदीत म्हणाला, आज इथेच थांबू या. त्याने हे एकदाच म्हटलं. काकाजी म्हणाले, सहा किलोमीटर तर राहिलं. गुरुजी म्हणाले, परतीचं आरक्षण आहे. पोरं बॅगा उचलून उभी राहिली. एका गाइडमागे अकरा माणसं होती. सहायक गाइड घ्या असं त्याने बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं आणि ते पैसे वाचवायला नाकारलं गेलं होतं. त्यामुळे निम्म्यांना पुढे न्यावं आणि निम्म्यांना इथे ठेवावं, हा मार्गच त्याच्यापुढे नव्हता. सगळे थांबतील किंवा सगळे जातील. सगळे गेले.

फोनवर मी त्याला विचारलं, दुसऱ्यांदा का नाही म्हणालास? तो म्हणाला, बाबा वयाने मोठे, सगळे त्यांचं ऐकतात, मी पैसे घेऊन वाट दाखवणारा, मी त्यांना परत फिरा कसं म्हणू. या उत्तराबद्दल त्याला दोष देणारे गटात दोघं आहेत. मी देत नाही. आराखडा ठरवताना त्याला कोणी असा अधिकार दिलाच नव्हता. मंडळाच्या लेखी गाइड म्हणजे नुसता वाटाड्या.

रात्र

शेवटची सहा किलोमीटरं ही त्या वाटेवरची सर्वात उभी चढण, साधारण पाचशे मीटर. ढग उतरले, बारीक गारा पडल्या. काकाजी दर पन्नास पावलांवर थांबत होते. साडेपाचला लॉजवर. संदकफूला दोन्ही देशांच्या बाजूंनी लॉज आहेत, यांचा नेपाळच्या अंगाला होता.

सात वाजता जेवण नको म्हणाले. आठला उलटी. आता आशाताईंनी कोणाला न विचारता ऑक्सिमीटर लावला: ७१. गाइडने त्यांना जमिनीवरच्या फळीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत सरळ चालायला सांगितलं. चालले, पण दोनदा हात भिंतीला गेला. तो म्हणाला, खाली जायला पाहिजे. पर्यटकांना सोडून परत निघालेली एक गाडी सहाच्या आसपास तिथून गेली होती. दुसरी लॉजमागे उभी होती, पण ढगात काही दिसत नव्हतं आणि चालक सकाळी म्हणत होता. काकाजी अंथरुणातून म्हणाले, सकाळी बरं वाटेल, फालुटला पाय लावून मग खाली. गुरुजींनी एक पॅरासिटामॉल दिली. उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या असिटाझोलामाइडच्या गोळ्या पिशवीत होत्या. त्या चढण्याआधीच्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून घ्यायच्या असतात, आणि सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याने विशेष विचारून. आता द्याव्यात का, यावर पंधरा मिनिटं वाद झाला. काकाजींना सल्फा चालतो का हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून दिल्या नाहीत. कळत नसताना न देणं बरोबरच, पण हे वरुडात विचारून घ्यायचं होतं.

एक वाजता काकाजी उठून बसले आणि काकूंना विचारलं, "गुफा किती दूर हाय अजून?"

काकूंना वाटलं झोपेत आहेत. लघवीला म्हणून उठले तर दारात तोल गेला, दोन पोरांनी धरलं. बोलणं भरकटणं आणि तोल जाणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मेंदूला सूज येत असल्याची धास्ती धरायची. तिथे सकाळची वाट पाहणं नाही. औषध, ऑक्सिजन मिळालं तर वेळ निभावते, पण खरा उपाय एकच, खाली उतरणं.

गाइडने या क्षणी कोणाला विचारलं नाही. चालकाला उठवलं, स्वतः पुढे टॉर्च घेऊन पहिली काही वळणं चालत गेला, मागे गाडी. सव्वादोनला निघाले: काकाजी, काकू, आशाताई, एक पोरगा. वर राहिलेल्या सात जणांना गाइडने एकच सांगितलं, मी येईपर्यंत लॉज सोडायचा नाही. ते सात जण सकाळी स्वच्छ आकाशात कांचनजंगा पाहत बसले, दूरवर एव्हरेस्टही दिसलं, आणि कोणी फोटो काढले नाहीत असं गुरुजी सांगतात. दोन पोरांनी काढले होते, मी पाहिलेत. त्यात काही गैर नाही.

गैरीबासला पोहोचेपर्यंत उजाडायला आलं होतं. संदकफूपेक्षा हजार मीटर खाली. गाडी थांबली तेव्हा काकाजींनी स्वतः दार उघडलं आणि चहा मागितला. आशाताईंनी विचारलं, आपण कुठे आहोत? "नेपाळात का भारतात ते तूच सांग." हे उत्तर ऐकून त्या रडल्या. आकडा ८४ वर आला होता. पुढे दार्जिलिंगला जिल्हा रुग्णालयात दाखवलं, एक दिवस ठेवून घेतलं, सोडताना पुन्हा उंचीवर न जाण्याचा सल्ला दिला. बाकीच्यांना गाइडने वर परत येऊन दुपारी खाली आणलं.

माझं वाचन

गावात आता दोन कथा चालतात. एक, काकाजी हेकट म्हणून झालं. दुसरी, गाइड कच्चा म्हणून झालं. दोन्ही मला अपुऱ्या वाटतात.

यात्रेचं एक वळण असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेलं असतं. यात्रेला निघालेला माणूस दर्शनाशिवाय माघारी येत नाही. पायाला फोड आले, ताप आला, तरी मंडळ त्याला हाताला धरून नेतं, आणि नेण्यातच मंडळाचा मोठेपणा असतो. नागद्वारला हे चालतं, कारण तिथली उंची माणसाला मारत नाही. तिथला धोका घसरण्याचा, पुराचा, गर्दीचा आहे आणि एकमेकांना धरून राहणं हाच त्यावर उपाय. संदकफूला नेमका तोच गुण उलटला. सगळ्यांनी एकमेकांना धरून वर नेलं. काकाजींना परत फिरायचं असतं तरी ते कसं फिरणार होते? अध्यक्षाने दहा जणांसमोर 'मला झेपत नाही' म्हणायचं, आणि त्याच्यामुळे सगळ्यांचं फालुट बुडवायचं. असा प्रश्न सर्वांसमोर विचारला की त्याचं एकच उत्तर येतं. काकूंनी रात्रभर माहीत असून सांगितलं नाही त्याचंही कारण हेच. त्या मला म्हणाल्या, "मी सांगतलं असतं त सगळ्याइनं म्हटलं असतं, बाई म्हणून घाबरते."

म्हणून चूक कालीपोखरीला दिसली तरी तिचं मूळ आराखड्यात आहे. त्यात चढण्याचे मुक्काम होते, परत फिरण्याचा एकही नव्हता. कोण थांबला तर त्याच्यासोबत कोण थांबेल, कुठे थांबेल, पैसे कोण देईल, हे आधी लिहिलेलं असतं तर काकाजींना कबुली द्यावी लागलीच नसती. फक्त ठरल्याप्रमाणे खोलीत जाऊन झोपायचं होतं. परतीचं आरक्षण घट्ट बांधून पुढचा प्रवास सैल ठेवणं हेही तसंच. रेल्वेचा उशीर हा अपवाद नाही, तो धरूनच चालायला हवा होता.

रस्ता नसता तर ही कथा वेगळी लिहावी लागली असती, एवढं सांगून पुढे जातो.

पुढच्या वेळेसाठी

मंडळाने पुढच्या एप्रिलला पुन्हा जायचं ठरवलं आहे. नवा आराखडा मी पाहिला. टुमलिंगला दोन रात्री, मधल्या दिवशी टोंगलूला नुसतं चढून परत यायचं. मग कालीपोखरी, मग संदकफू. परतीच्या आरक्षणाआधी एक मोकळा दिवस. रोज संध्याकाळी आशाताई एकेकाला बाजूला नेऊन चार गोष्टी विचारणार: डोकं, मळमळ, थकवा, चक्कर. उत्तरं वहीत, वही गाइडकडे. तंबाखू-खर्रा निघण्याच्या निदान पंधरा दिवस आधी सोडायचा, म्हणजे वर गेल्यावर डोकेदुखीला ती सबब उरत नाही. प्रत्येकाने डॉक्टरांकडून ॲलर्जी आणि चालू गोळ्या कागदावर लिहून आणायच्या. मतदार कार्ड सक्तीचं. देशातल्या प्रवासाचा विमा नेपाळच्या हद्दीतल्या मुक्कामाला लागू पडतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारायचं. गाइडने एकदा 'थांबा' म्हटलं की त्यावर चर्चा नाही, हे कलम खुद्द काकाजींनीच शब्द बदलून कडक केलं. ते स्वतः मानेभंज्यांगपर्यंत येणार आणि तिथे थांबणार आहेत. काकू टुमलिंगपर्यंत जायचं म्हणतात.

अडलंय ते दुसऱ्या गाइडवर. कृषी केंद्रवाल्या भाऊंचं म्हणणं, एका माणसाचे आठवडाभराचे पैसे अकरा जणांत वाटले तरी फुकटचा खर्च. आशाताई आणि गुरुजींचं म्हणणं, तो नसेल तर आम्ही येत नाही. पोळ्यानंतरच्या बैठकीत वाद सुटला नाही. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. तोवर दुसऱ्या गाइडचं पक्कं झालं नाही तर अकरांऐवजी सहाच जणांची तिकिटं काढायची आणि फालुट यादीतून खोडायचं, एवढं भाऊंनीही मान्य केलं आहे.